तारखेची पेटी आणि एक साधा फोन: बीपी-शुगरच्या रुग्णांचा पाठपुरावा कसा ठेवावा

उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने गोळ्या सोडल्या, तर पहिले काही आठवडे बहुधा त्याला काहीही जाणवत नाही. शेतातली कामे होत राहतात, झोप लागते, आणि गोळीवाचूनही आपले ठीक चालले आहे अशी त्याची समजूत घट्ट होत जाते. पुढे कधीतरी एका बाजूचे हात-पाय लुळे पडून तो परत येतो, तेव्हा जुना केसपेपर काढल्यावर दिसते की ठरलेल्या तारखेला तो आलाच नव्हता आणि त्या दिवशी दवाखान्यात ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. त्याचे न येणे त्याच आठवड्यात लक्षात यावे आणि त्यावर काहीतरी करता यावे, एवढ्यासाठीच हे मार्गदर्शन लिहीत आहे.

मराठवाड्यातल्या खेड्यांत आढळतो तसा दवाखाना मी समोर धरला आहे. डॉक्टर आठवड्यातून काही दिवस येतात, दोन सिस्टर आहेत, बीपी-शुगरचे काही शे रुग्ण आहेत, रेंज कधी असते तर कधी नसते, आणि अनेक घरांत सगळ्यांत मिळून एकच फोन आहे. अशा ठिकाणी संगणक किंवा ॲप नसले तरी पाठपुरावा उत्तम ठेवता येतो. त्यासाठी बटणांचा एक फोन, दवाखान्याच्या नावावरचे एक सिम, न चुकता केलेला रिचार्ज आणि पुठ्ठ्याची एक पेटी लागते. यांतली पेटी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

आधी पेटी

पेटीत १ ते ३१ असे आकडे घातलेले कप्पे करावेत आणि पुढच्या महिन्यांसाठी मागे एक वेगळा कप्पा ठेवावा. प्रत्येक रुग्णाचे एक जाड कार्ड असावे. रुग्ण तपासून झाला, त्याला तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पुढची तारीख १४ ठरली, की त्याचे कार्ड १४ च्या कप्प्यात जाते. तो १४ तारखेला आला की कार्ड निघते, त्यावर नवा बीपी लिहिला जातो आणि ते पुढच्या तारखेच्या कप्प्यात बसते. दवाखाना बंद करताना आजच्या कप्प्यात जी कार्डे शिल्लक राहतात, ती आज न आलेल्या माणसांची असतात. कोणाला फोन करायचा याची यादी करायला वेगळे बसावे लागत नाही. ती आपोआप तयार झालेली असते.

भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाचा गाभाही हाच आहे. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे त्याचे पहिले जिल्हे होते. ठरावीक औषधक्रम, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या आणि तारीख उलटलेल्यांची यादी या गोष्टींवर त्यात भर दिला गेला. त्यात वापरले गेलेले ‘सिम्पल’ नावाचे ॲप तारीख चुकलेल्या रुग्णांची यादी दाखवते आणि फोन केल्यावर रुग्ण काय म्हणाला तेही नोंदवून घेते. आपल्याकडे असे ॲप असेल तर ते जरूर वापरावे. नसेल तर पेटीतून तेच काम होते. मात्र दोन्ही अर्धे-अर्धे चालवू नये, कारण मग कार्ड एक सांगते आणि पडदा दुसरेच सांगतो.

तारीख चुकली की त्याच संध्याकाळी फोन करण्याची गरज नसते. पाहुणे आले, खुरपणी निघाली, बस चुकली अशा कारणांनी पुष्कळ लोक दोन-तीन दिवस उशिरा आपणहून येतात, आणि याचसाठी गोळ्याही तीन-चार जास्त द्याव्यात. चौथ्या दिवशी मात्र फोन लावावा. वेळ कमी असेल तर क्रम ठरवून घ्यावा: आधी पक्षाघात किंवा हृदयविकार होऊन गेलेले, इन्सुलिनवर असलेले, गरोदर स्त्रिया आणि मागच्या खेपेला बीपी १८०/११० किंवा त्याहून जास्त असलेले रुग्ण, बाकीचे त्यानंतर. या पहिल्या गटासाठी चौथ्या दिवसाची वाटही पाहू नये.

नंबर रुग्णासमोरच तपासून घ्यावा

पाठपुरावा बुडतो तो बहुतेक वेळा नोंदणीच्या टेबलावर. ‘नंबर सांगा’ म्हटले की आजी पिशवीतून वहीचा घडी घातलेला तुकडा काढतात, त्यावरचा एक आकडा पुसट झालेला असतो, आपण अंदाजाने तो लिहितो आणि महिनाभराने तो फोन भलत्याच गावात वाजतो. म्हणून नंबर लिहून झाला की रुग्ण समोर असतानाच दवाखान्याच्या फोनवरून त्याला रिंग द्यावी. फोन त्याच्या जवळ असेल तर तो तिथेच वाजतो, आणि घरी असेल तर जो कोणी उचलतो त्याच्याशी ओळख होते. याच वेळी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये साठवून द्यावा. वाचता न येणाऱ्यांसाठी स्पीड डायलला लावून द्यावा आणि कोणते बटण दाबून ठेवायचे ते त्यांच्याकडूनच एकदा करून घ्यावे.

नंबरच्या शेजारी आणखी काही गोष्टी लिहाव्या लागतात. फोन कोणाचा आहे, स्वतःचा, मुलाचा की शेजाऱ्याचा? तो कोणत्या वेळी घरात असतो? मुलगा फोन घेऊन सकाळी सातला कामावर जात असेल, तर अकरा वाजता केलेला कॉल मुलाला मिळतो, आईला नाही. बोलणे मराठीत करायचे, हिंदीत की गोरमाटी या बंजारा बोलीत? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोन दुसऱ्याने उचलला तर आजाराचे नाव घेतलेले चालेल का? बीपीचे नाव घरात कळल्याने सहसा काही बिघडत नाही, पण क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार किंवा कुटुंबनियोजन यांत एका वाक्याने एखाद्या बाईचे घरात राहणे अवघड होऊ शकते. ती जे उत्तर देईल ते कार्डावर ठळक लिहावे आणि पुढे फोन करणाऱ्या प्रत्येकाने ते पाळावे. जवळच्या दुसऱ्या माणसाचा नंबरही याच वेळी घ्यावा, कारण पहिला नंबर कधी ना कधी बंद पडतो.

तो का बंद पडतो हे समजून घेतले, तर रुग्णाविषयी मनात अढी राहत नाही. रिचार्जची मुदत संपली की काही दिवसांनी येणारे कॉलही थांबतात. हातात मजुरी आल्यावर रिचार्ज होतो आणि फोन पुन्हा सुरू होतो. ‘हा नंबर सेवेत नाही’ असे ऐकून आपण कार्डावर ‘प्रतिसाद नाही’ लिहितो, पण त्या घराने आपल्याला प्रतिसाद नाकारलेला नसतो. तेल-मिठाच्या यादीत या महिन्यात फोन मागे पडलेला असतो. अशा वेळी आठ-दहा दिवसांनी, शक्यतो आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा कॉल लावावा.

दवाखान्याचे सिम कोणा सिस्टरच्या वैयक्तिक नावावर नसावे, कारण त्यांची बदली झाली की शेकडो घरांत साठवलेला नंबर त्यांच्यासोबत जातो, आणि त्या इथे असेपर्यंतही रात्री-बेरात्री त्यांचाच फोन वाजत राहतो. फोनला कुलूप असावे आणि तो रोज ठरलेल्या जागी चार्जिंगला लागावा.

फोनवर काय बोलावे

‘तुम्ही तारखेला का आला नाहीत?’ या प्रश्नाने संभाषण सुरू करू नये. त्यात दटावणी ऐकू येते आणि समोरचा माणूस ‘येतो, येतो’ म्हणून फोन ठेवतो. गोळ्यांपासून सुरुवात करावी.

‘मावशी, दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. आत्ता बोलायला मोकळ्या आहात ना?’

‘हो ताई, बोला.’

‘गोळ्यांचं पाकीट जवळ आहे का? जरा हातात घ्या आणि किती उरल्यात ते मोजून सांगा बरं.’

‘थांबा... अकरा हायेत.’

तीस गोळ्या दिल्या होत्या, आज छत्तिसावा दिवस आहे आणि अकरा उरल्या आहेत, म्हणजे एकोणीसच पोटात गेल्या. हा हिशोब बोलून दाखवायचा नसतो, तो कार्डावर लिहायचा असतो.

‘बरं झालं मोजल्यात. रोज घ्यायला काही अडचण येते का?’

‘पाय सुजायलेत ताई. म्हणून एकाआड एक घ्यायले.’

मावशींनी औषध आळसाने टाळलेले नव्हते. अ‍ॅम्लोडिपिन या नेहमीच्या गोळीने काही जणांच्या घोट्यांना सूज येते, आणि ती आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या समजुतीने मार्ग काढला होता. एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो, मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडते. त्याही वेळी लोक असेच करतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. अशा वेळी सिस्टरने फोनवर डोस कमी-जास्त करू नये आणि ‘सूज काही नसते’ अशी समजूतही घालू नये. ‘आज संध्याकाळी सहाला डॉक्टरांशी तुमचं बोलणं करून देते’ असे सांगावे आणि सहाला खरोखरच फोन करावा. केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, आधीच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला त्याच आजारासाठी दूरध्वनीवरून दिलेला सल्ला फेरसल्ल्यात मोडतो. त्यामुळे डॉक्टरांना इथे मोकळेपणाने निर्णय घेता येतो. त्या बोलण्याचीही नोंद कार्डावर व्हायला हवी.

प्रत्येक कॉलमध्ये एक प्रश्न मात्र चुकवू नये: छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे किंवा एका बाजूची ताकद जाणे यांपैकी काही झाले का? आत्ता होत असेल तर पुढचे संभाषण थांबवून १०८ ला फोन करायला सांगावे आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते विचारून लिहून ठेवावे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात, साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न वेळेचाच असतो. शुगरच्या रुग्णाला दरदरून घाम फुटला असेल, हात थरथरत असतील आणि तो शुद्धीवर असेल, तर फोन चालू ठेवूनच घरच्यांना साखर किंवा गूळ द्यायला सांगावा.

कॉलच्या शेवटी दिवस रुग्णानेच ठरवावा. ‘उद्या या’ असे म्हणण्यापेक्षा ‘बाजाराला कधी येणार आहात?’ हे विचारणे अधिक उपयोगी पडते, कारण त्या दिवशी मजुरी वेगळी बुडत नाही. पहिल्याच भेटीत आणखी एक गोष्ट सांगून ठेवावी: दवाखाना फोनवर कधीही ओटीपी, बँक खाते किंवा आधार क्रमांक विचारणार नाही. फसवणुकीच्या कॉलने गावेच्या गावे धास्तावलेली आहेत, आणि अनोळखी नंबर न उचलणारा माणूस आपल्या जागी बरोबर असतो.

निरोप, मिस्ड कॉल आणि व्हॉट्सअ‍ॅप

केनियामध्ये एचआयव्हीच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्णांना दर आठवड्याला एसएमएसने स्वाहिली भाषेत ‘मांबो?’, म्हणजे ‘कसे काय?’, एवढेच विचारले जाई. त्यांनी ४८ तासांत ‘सावा’, म्हणजे ‘ठीक’, किंवा ‘शिदा’, म्हणजे ‘अडचण आहे’, असे कळवायचे होते. अडचण सांगणाऱ्याला आणि गप्प राहणाऱ्याला परिचारिका स्वतः फोन करीत असे. औषध नीट घेत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण निरोप मिळालेल्या गटात ६२ टक्के निघाले, तर इतरांत ते ५० टक्के होते. त्या निरोपात औषधाचे नावही नव्हते, त्यामुळे तो दुसऱ्या कोणी वाचला तरी काही उघड होत नव्हते, आणि उत्तरापलीकडे एक माणूस बसलेला होता. नुसत्या ‘गोळी घ्या, गोळी घ्या’ अशा आठवणी पाठवून हे साधेल असे मला वाटत नाही.

आपल्याकडे हेच काम मिस्ड कॉलने होते, आणि ती रीत कोणाला शिकवावी लागत नाही. अडचण असेल तर दवाखान्याला एक मिस्ड कॉल द्यायचा आणि आपण त्याच दिवशी उलट फोन करायचा, एवढा एकच नियम ठेवावा. संध्याकाळी पेटी बंद करण्याआधी फोनमधल्या मिस्ड कॉलची यादी पाहून प्रत्येकाला फोन झाला आहे ना, हे तपासावे. दोन वेळा उलट फोन आला नाही तर रुग्ण तिसऱ्यांदा मिस्ड कॉल देत नाही.

एसएमएस पाठवायचा असेल तर लांबीचे भान ठेवावे. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत मात्र ७० चिन्हेच बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षराचा हलन्त हे सारे वेगवेगळे मोजले जातात. ‘बुधवारी दवाखान्यात या. जुनी पाकिटे आणा. अडचण असेल तर मिस्ड कॉल द्या.’ हा निरोप ६८ चिन्हांत बसतो आणि त्यात आजाराचा उल्लेख नाही. सेवा घेऊन एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे असतील, तर ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकूर यांची नोंद डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदवहीत आधी करावी लागते. वाचता न येणाऱ्या घरात एसएमएस वाचून दाखवणारा शाळकरी नातू असतो, हेही मजकूर लिहिताना आठवावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर रुग्णांचा ग्रुप करू नये. एका क्षणात सर्वांचे नंबर आणि आजार सर्वांना कळतात, आणि दुसऱ्या दिवसापासून शुगर मुळापासून घालवणाऱ्या काढ्यांचे निरोप येऊ लागतात. ब्रॉडकास्ट यादी चालेल, पण ज्यांनी आपला नंबर साठवला आहे त्यांनाच तिचा निरोप पोचतो. व्हॉट्सअ‍ॅपचा खरा उपयोग शुगरच्या रुग्णाच्या पायाच्या जखमेसाठी होतो. दिवसाउजेडी, चेहरा न येता, जखमेशेजारी एखादे नाणे ठेवून काढलेला फोटो दर तीन दिवसांनी आला, तर जखम वाढते आहे की भरते आहे ते दिसते. पाय काळा पडला, घाण वास आला किंवा ताप आला, तर मात्र फोटोची वाट न पाहता रुग्णाला बोलावून घ्यावे.

ऊसतोडीला निघालेले रुग्ण

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या चार-पाच महिन्यांत तारखेची पेटी निरुपयोगी ठरते, म्हणून तयारी सप्टेंबरमध्येच करावी लागते. ‘यंदा कोयता आहे का?’, म्हणजे ऊसतोडीला जाणार का, हे प्रत्येक कामकरी रुग्णाला विचारावे. असेल तर कोणता कारखाना, कोणता तालुका आणि मुकादम कोण ते लिहून घ्यावे. बीपी ताब्यात असेल तर डॉक्टरांच्या संमतीने दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, आणि औषधाची नावे व शेवटचा बीपी लिहिलेल्या कार्डाचा फोटो घरातल्या कोणाच्याही फोनमध्ये काढून द्यावा, म्हणजे तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो दाखवता येतो. मुकादमाचा नंबर फक्त माणसापर्यंत पोचण्यासाठी असतो. त्याच्यापाशी आजाराचा शब्दही काढू नये, कारण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या मजुराच्या तब्येतीची चर्चा टोळीत होणे त्याच्या हिताचे नसते. फडावर माणसे पहाटेपासून असतात, त्यामुळे फोन रात्री आठनंतर, ती कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, आल्यावर करावा.

क्षयरोगाच्या रुग्णाबाबत याहून जास्त काळजी घ्यावी. सहा महिने रोज चालणाऱ्या उपचारात सलग महिनाभर खंड पडला, तर तो उपचारातून सुटलेला रुग्ण धरला जातो. तो निघण्यापूर्वीच त्याची निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवरची नोंद जिथे जातो तिथल्या केंद्राकडे वळवून घ्यावी आणि १८००-११-६६६६ हा निक्षय संपर्कचा निःशुल्क क्रमांक त्याला लिहून द्यावा. या रुग्णांना फोन करताना पोषण आहाराचे पैसे खात्यावर आले का, हेही विचारावे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. ज्या फोनमधून आपलेही एखादे काम मार्गी लागते, तो फोन लोक उचलतात.

फोन लागलाच नाही तर

वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तीन प्रयत्न करावेत, मग दुसरा नंबर लावावा, आणि त्यानंतरच आशाताईंना घरी जायला सांगावे. त्यांच्यावर आधीच कामाचा ढीग असतो. प्रत्येक चुकलेली तारीख त्यांच्याकडे ढकलली तर खरोखर धोक्यात असलेल्या घराकडे जायला त्यांना वेळ उरत नाही. त्यांचा फोन आपण वापरणार असू, तर रिचार्जचा खर्चही दवाखान्याने द्यावा.

कार्डावर नुसते ‘फोन केला’ असे लिहू नये. ‘बंद’, ‘उचलला नाही’, ‘चुकीचा नंबर’, ‘बाजारला येते म्हणाल्या’, ‘दुसरीकडे औषध घेतात’ असे नेमके लिहावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सिस्टरला पुढचे पाऊल कळते. ‘मृत्यू’ ही नोंद तर कळताक्षणी व्हायला हवी. आमच्याकडून एकदा ती राहून गेली. गावातून निरोप आला होता, पण तो कार्डापर्यंत पोचला नाही, आणि आठवडाभराने मी त्या घरी फोन करून आजोबांच्या गोळ्या किती उरल्या ते विचारले. सुनेने शांतपणे सांगितले की आज त्यांचा दहावा आहे. तेव्हापासून गावातून आलेली अशी बातमी ज्याने ऐकली त्यानेच तत्काळ पेटीतून कार्ड काढायचे, असा नियम आम्ही केला, आणि त्या घरी मी नंतर स्वतः जाऊन आलो.

महिनाअखेरीस किती फोन केले हे मोजत बसू नये. या महिन्यात किती जण येणे अपेक्षित होते, त्यांपैकी किती आले, आणि आलेल्यांपैकी कितींचा बीपी १४०/९० च्या खाली होता, हे तीन आकडे भिंतीवरच्या कागदावर लिहावेत. येणाऱ्यांची संख्या वाढूनही बीपी खाली येत नसेल, तर फोनचे काम चोख चालले आहे आणि अडचण औषधाच्या मात्रेत किंवा पुरवठ्यात आहे, असे समजून तो कागद डॉक्टरांसमोर ठेवावा. ‘चुकीचा नंबर’ असे लिहिलेली कार्डे त्याच दिवशी वेगळी काढून नोंदणीच्या टेबलावर ठेवावीत, म्हणजे त्या घरातले कोणीही, अगदी तापाच्या औषधासाठी आले तरी, नवा नंबर तिथल्या तिथे रिंग देऊन घेता येतो.